रेझिन किटच्या सांध्यातली फट कापतानाच तयार होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लॅस्टिकची काही विमाने आणि रणगाडे जोडून झाल्यावर तुम्ही पहिल्यांदाच रेझिनचे किट मागवले, साधारण २५ सेंटिमीटर उंचीच्या उभ्या योद्ध्याचे. नेहमीच्या निपरने (भाग तोडायच्या छोट्या पकडीने) ओतकामाचे ठोकळे, म्हणजे ओतताना भागाला चिकटून राहिलेले जादा रेझिन, तोडताना डाव्या खांद्याचा टवका उडाला, उरलेला भाग घासून सपाट केला तर खांदा आणि दंड यांच्यात एका बाजूला नख शिरेल एवढी फट राहिली, आणि फेविक्विकने चिकटवलेला हात दुसऱ्या दिवशी हलक्या धक्क्याने निखळला. आता फट भरायला कोणती पुट्टी घ्यावी आणि कोणता गोंद वापरावा, असे तुम्ही विचारले आहे.

पुट्टी आणि गोंद यांच्याकडे पुढे येतोच, परंतु खरी अडचण त्या दोहोंत नाही. ओतीव रेझिनच्या कामात दोन भागांमधली फट बहुतेक वेळा जोडताना पडत नाही. ठोकळा कुठून कापला आणि कापलेला पृष्ठभाग कसा घासला, यातून ती आधीच ठरलेली असते. हात निखळण्याचे कारणही तेच आहे, कारण ज्या सांध्याची एकच कड टेकलेली आहे तिथे गोंदाला धरायला जागाच मिळत नाही. म्हणून सांध्याची बैठक जमल्याशिवाय मी गोंदाची बाटली उघडत नाही, आणि पुट्टीचा उपयोग दुरुस्तीपुरताच करतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या हातातल्या किटवर अवलंबून राहतील. हल्ली ‘रेझिन किट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सिलिकॉनच्या साच्यात ओतलेले पॉलियुरेथेन हा पहिला प्रकार. त्याचे भाग दुधी, पिवळसर किंवा राखाडी असतात आणि त्यांना जाड ठोकळे चिकटलेले असतात. दुसरा प्रकार थ्रीडी प्रिंटरवर अतिनील प्रकाशाने घट्ट केलेल्या रेझिनचा. त्यावर तिरप्या उजेडात बारीक थर दिसतात आणि ठोकळ्यांऐवजी बारीक आधारकाड्यांचे ठिपके असतात. छापील भाग हाताला चिकट लागत असेल तर तो पुरता घट्ट झालेला नाही असे समजावे आणि हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये, कारण कच्चे रेझिन वारंवार लागल्यास त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. तुम्ही ठोकळ्यांचा उल्लेख केला आहे, त्यामुळे पुढचे सर्व विवेचन ओतीव पॉलियुरेथेन गृहीत धरून केले आहे.

प्लॅस्टिकच्या किटवर बसलेली हाताची सवय इथे का चालत नाही, हे आधी समजून घ्यावे. ती किटे पॉलिस्टायरीनची असतात, पोलादी साच्यात दाबाने भरलेली. त्यांचा गोंद म्हणजे खरे तर द्रावक असतो, जो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, आणि त्यामुळे थोडी चुकलेली बैठकही खपून जाते. पॉलियुरेथेन एकदा घट्ट झाले की त्या द्रावकाला दाद देत नाही. शिवाय सिलिकॉन रबराचा साचा मऊ असतो, काही डझन भाग ओतून झाले की तो झिजू आणि फाटू लागतो, आणि रेझिन घट्ट होताना किंचित आकसते. जपानमध्ये १९८० च्या दशकात हौशी मूर्तिकारांच्या अशा ओतीव कामाला ‘गॅरेज किट’ हे नाव रूढ झाले, आणि आजही टोकियोजवळच्या वंडर फेस्टिव्हल या किट-मूर्तींच्या प्रदर्शनात ती थोड्या प्रतींमध्ये ओतूनच विकली जातात. थोड्या प्रतींसाठी ही पद्धत उत्तम आहे, परंतु भाग डब्यातून काढल्या काढल्या एकमेकांत नेमके बसतील ही अपेक्षा तिच्याकडून ठेवता येत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी सर्व भाग कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून मऊ टूथब्रशने धुवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर पृष्ठभागावर राहिलेला असतो; तो न धुता घासले तर तो ओरखड्यांत जाऊन बसतो आणि पुढे गोंद व रंग दोन्ही सुटतात. तलवार किंवा अंगरख्याचा घोळ वाकडा झाला असेल तर ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर ठेवून सरळ करावा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवावा. हे काम सांधे घासण्याच्या आधी करावे, कारण वाकड्या भागाची बैठक जमवून नंतर तो सरळ केला तर ती बैठक पुन्हा बिघडते.

आता कापण्याविषयी. करवत हातात घेण्याआधी प्रत्येक ठोकळ्याभोवती पेन्सिलीने पूर्ण वळसा देणारी रेघ मारावी. भाग कुठे संपतो आणि ठोकळा कुठे सुरू होतो हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नसते, कारण ओतणारा कारागीर ठोकळा शक्यतो जोडल्यावर झाकल्या जाणाऱ्या जागी ठेवतो: खांद्याच्या आतल्या बाजूस, तळव्याखाली किंवा सांध्याच्या खुंटीच्या टोकावर. त्यामुळे खुंटीलाच ठोकळा समजून ती कापून टाकलेली किटे दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेली आहेत. शंका असेल तर समोरच्या भागात तिच्या मापाचे भोक आहे का ते पाहावे, आणि मगच रेघ मारावी.

निपरने टवका का उडाला, तेही सांगतो. निपरची पाती दोन्हीकडून पाचरीसारखी आत घुसतात. पॉलिस्टायरीन लवचिक असल्याने दबते आणि तुटते. रेझिन दबत नाही, तडकते, आणि तडा ठोकळ्याकडे जाईल की खांद्याकडे हे आपल्या हातात राहत नाही. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या ओतनळ्या (रेझिन साच्यात शिरण्याच्या वाटेत घट्ट झालेल्या काड्या) भागापासून लांबवर तोडण्यापुरता निपर ठीक आहे. त्याहून जाड असेल तिथे करवतच हवी. मॉडेलच्या दुकानांत मिळणाऱ्या रेझर सॉचे पाते इतके पातळ असते की तिचा चर पाव मिलिमीटरच्या आसपास पडतो. ती मिळाली नाही तर हार्डवेअरच्या दुकानातले इंचाला ३२ दात असलेले हॅक्सॉचे पाते चालते, परंतु त्याचा चर जवळपास एक मिलिमीटरचा असल्याने रेघेपासून तेवढे अधिक अंतर राखावे लागते.

कापताना पाते रेघेवर न ठेवता ठोकळ्याच्या बाजूने एक ते दीड मिलिमीटर राखून चालवावे, आणि ते किंचित ठोकळ्याकडेच झुकलेले असावे. पातळ पाते आत गेल्यावर भरकटते, आणि भरकटायचेच असेल तर ते टाकाऊ बाजूला भरकटलेले बरे. एकाच बाजूने सरळ पार करू नये. चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर खोल चर पाडून घ्यावा, मग भाग फिरवत फिरवत मध्याकडे यावे, म्हणजे शेवटचा तुकडा सुटताना कडेचा टवका ओढला जात नाही. जोर लावायची गरज पडत असेल तर पाते बोथट झाले आहे किंवा चरात भुकटी साचली आहे असे समजावे. पाते मधून मधून पाण्यात बुडवले की दोन्ही तक्रारी कमी होतात. भाग शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळू नये, कापडात गुंडाळून हातात धरावा. आणि हातात धरायच्या फिरत्या मोटरवर चकती लावून कापण्याचा मोह टाळावा, कारण वेगाने रेझिन तापून चिकट होते आणि भुकटी खोलीभर उडते.

राखलेला दीड मिलिमीटर आता घासून काढायचा आहे, आणि तुमची फट नेमकी याच टप्प्यावर पडली असावी. भाग एका हातात आणि पेपर दुसऱ्या हातात धरून घासले तर पृष्ठभाग कधीच सपाट होत नाही, कडा गोल होतात आणि मधोमध फुगवटा राहतो. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचा किंवा उरलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा घ्यावा, त्यावर २४० नंबरचा वॉटरपेपर पाण्याने चिकटवावा आणि भाग त्यावर फिरवावा. हाताचा दाब नेहमी पुढच्या कडेवर अधिक पडतो, म्हणून सात-आठ वेळा घासले की भाग पाव वळण फिरवून धरावा. असे न केल्यास तीच एक कड झिजत जाते आणि सांधा तिरपा होतो. एका बाजूला फट, दुसरी बाजू घट्ट, हे तुम्ही वर्णन केलेले लक्षण याच तिरपेपणाचे आहे.

किती घासायचे हे डोळ्यांनी ठरवू नये. पृष्ठभागावर पेन्सिलीने जाळी काढावी आणि चार-सहा फेऱ्यांनंतर पाहावे. जिथे रेघा शिल्लक आहेत तो भाग खोलगट आहे, जिथे त्या पुसल्या गेल्या तो उंच. सर्व रेघा एकाच वेळी फिक्या होऊ लागल्या की सपाटी आली. त्यानंतर ४०० नंबरवर दोन-चार हलक्या फेऱ्या द्याव्यात आणि थांबावे. सांध्याचा आतला पृष्ठभाग याहून गुळगुळीत करू नये; गोंदाला खरखर लागते.

खांदा आणि दंड यांच्यासारखे सांधे नेहमी सपाट नसतात, आणि तिथे काच उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी मी वर्कशॉपमधल्या फिटरची रीत वापरतो: ते एका पृष्ठभागाला खुणेचा निळा रंग लावून दुसरा त्यावर टेकवतात आणि जिथे निळा डाग उठला तेवढेच खरवडतात. निळ्याऐवजी मऊ पेन्सिलीची भुकटी बोटाने चोळली तरी काम भागते. खांद्याला ती चोळावी, दंड जागेवर दाबून किंचित हलवावा आणि काढून पाहावे. दंडावर काळा ठिपका उठला ती उंच जागा. तिथेच सुरीच्या पात्याने खरवडावे किंवा गोल कानस फिरवावी, आणि पुन्हा टेकवून पाहावे. काम सावकाश चालते, परंतु याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

याच्याही पुढची एक युक्ती आहे आणि तिने सर्वांत जास्त मेहनत वाचते. सांध्याच्या पृष्ठभागाचा मधला भाग, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर सोडून, सुरीच्या गोल टोकाने अर्धा मिलिमीटर खोलगट करावा. दोन्ही भागांनी सर्वत्र टेकण्याची गरज नाही. बाहेरून दिसते ती कड टेकली की पुरे. मधोमध उरलेला एखादा उंचवटा सांधा उघडा ठेवतो आणि आपण मात्र कडाच घासत बसतो. खोलगट जागेत जादा गोंद मावतो, तो बाहेर ओघळत नाही, हा वरचा फायदा. खुंटी घट्ट बसत असेल तर भोक मोठे करू नये, खुंटीच घासावी, कारण भोकाची भिंत पातळ झाली तर बाहेरून तडा जातो.

भुकटीविषयी एवढेच, की ती हलकी आणि फार बारीक असते, आणि श्वासावाटे आत जाऊ देण्याजोगी नाही. शक्य तिथे पाण्यात घासावे, कोरडे घासावे लागले तर एन-९५ दर्जाचा मास्क लावावा, टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, आणि घासलेले पाणी गाळ खाली बसल्यावरच ओतून द्यावे. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये.

इथवर क्रम असा झाला: धुणे, वाक काढणे, रेघ मारणे, राखून कापणे, काचेवर सपाट करणे, टेकवून पाहणे. यातले काहीही पुढे-मागे झाले तर आधीचे काम वाया जाते.

आता हात निखळण्याकडे येऊ. फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, अगदी पातळ थरात तो मजबूत असतो, परंतु फट भरण्यासाठी तो नाही आणि आडवा धक्का त्याला सोसत नाही. म्हणून वजन पेलणाऱ्या किंवा बाहेर आलेल्या प्रत्येक सांध्यात मी पितळी तार घालतो: मनगटाला एक मिलिमीटर, खांद्याला दीड, कंबर आणि पायांना दोन. लोखंडी तार टाळावी, कारण पाण्यात घासताना ती गंजते आणि डाग वर येतो. भोक हातड्रिलने, हाताने फिरवून पाडावे. मोटरने बिट तापते आणि रेझिन त्याला चिकटते. दोन्ही भागांतली भोके समोरासमोर यावीत यासाठी एका भागात आधी भोक पाडून त्यात तारेचा टोकदार तुकडा अर्धा मिलिमीटर बाहेर राहील असा ठेवावा आणि दुसरा भाग जागेवर दाबावा. टोकाची खूण उमटते तिथे दुसरे भोक. हे दुसरे भोक तारेपेक्षा किंचित मोठे ठेवावे, म्हणजे हात पाहिजे त्या कोनात बसवता येतो आणि उरलेली पोकळी गोंद भरतो.

गोंदाची निवड सांध्याच्या कामावरून ठरते. खांदा, कंबर, पाय यांसाठी दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइटच्या जातीचा, उत्तम. पाच मिनिटांत धरणाऱ्यापेक्षा सावकाश घट्ट होणारा प्रकार अधिक मजबूत असतो आणि भाग जुळवायला वेळही देतो, फक्त सांधा रात्रभर टेपने बांधून ठेवावा लागतो. बोटे, कमरपट्ट्यावरची आभूषणे, केसांची टोके यांना सायनोअ‍ॅक्रिलेट पुरतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तो चटकन धरतो आणि सांध्याभोवती पांढरट झाक उठते. अशा वेळी एका थेंबाऐवजी सुईच्या टोकाने लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी. विदर्भातल्यासारखा उन्हाळा असेल तर योद्ध्याच्या पायांत तार घालण्याबाबत तडजोड करू नये. पॉलियुरेथेन उष्णतेने हळूहळू मऊ पडते आणि वरचे सर्व वजन घोट्यांवर येते. बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलेला पुतळा काही महिन्यांत पुढे कललेला दिसतो.

एवढे करूनही केसाएवढी रेघ राहते, आणि तिथे मात्र पुट्टीचे काम आहे. पण प्रत्येक रेघ भरायची नसते. अंगरख्याची बाही दंडावर संपते तिथे, कमरपट्ट्याखाली किंवा गळपट्टीच्या कडेला रेघ असणे स्वाभाविक आहे. ती भरली तर कापड आणि कातडी एकच दिसू लागतात. उघड्या दंडावर किंवा मांडीवर मात्र रेघ राहता कामा नये.

पुट्टी निवडताना लोक ती किती घट्ट होते ते विचारतात. खरे पाहायचे असते ते ती रेझिनइतकीच घट्ट होते का. सायनोअ‍ॅक्रिलेटवर खाण्याचा सोडा टाकला तर क्षणात दगडासारखा थर बनतो, आणि म्हणूनच तो पुष्कळांना आवडतो. अडचण घासताना येते. भरलेला भाग रेझिनहून कठीण असल्याने पेपर दोन्ही बाजूंचे मऊ रेझिन आधी खातो, मध्ये कड उंच राहते, आणि प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) मारल्यावर ती फुगलेल्या शिरेसारखी दिसते. सोड्याऐवजी टाल्कम पावडर गोंदात कालवून घेतली तर थर मऊ राहतो; तरीही तो तासाभरातच घासून घ्यावा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, आणि पेपर बोटाला नव्हे तर सपाट कठीण पट्टीला गुंडाळावा. मोठ्या भरणीसाठी मॉडेलच्या कामाची दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सर्वांत योग्य, कारण तिची घट्टता रेझिनच्या जवळ जाते आणि घट्ट होण्याआधी ओल्या बोटाने ती गुळगुळीत करता येते, त्यामुळे घासायचे फार थोडे उरते. एम-सील सहज मिळते आणि आत झाकल्या जाणाऱ्या जागी चालते, पण तिचा पोत जाडसर असल्याने चेहऱ्यावर किंवा हातावर मी ती वापरत नाही.

साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण सगळ्या भागांवरून जाते. ती पेपरने घासण्याआधी सुरीचे पाते काटकोनात धरून खरवडावी आणि मग ४००, ६००, ८०० असे चढत जावे. नुसत्या पेपरने शेजारचे कोरीव काम पुसट होते. हवेच्या बुडबुड्याचे छिद्र दिसले तर ते आधी अर्धा मिलिमीटरच्या बिटने मोकळे करून मगच भरावे, कारण तोंड लहान आणि पोट मोठे असलेल्या छिद्रात पुट्टी वरवरच बसते. शेवटी राखाडी प्रायमरचा पातळ हात मारावा. जे दोष पांढऱ्या रेझिनवर दिसत नाहीत ते राखाडीवर उघडे पडतात, आणि बहुतेक वेळा पुन्हा एकदा भरावे-घासावे लागते.

राहिला तुमचा टवका उडालेला खांदा. तुकडा जपून ठेवला असेल तर तडा घासू नका. तो स्वच्छ असताना पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटने तुकडा जागेवर बसवा, कारण तुटलेल्या पृष्ठभागाइतकी नेमकी बैठक घासून कधीच मिळत नाही. तुकडा हरवला असेल तर आधी सुटलेल्या दंडावरचा जुना गोंद खरवडून काढा. मग खांद्याच्या तुटलेल्या जागी इपॉक्सी पुट्टी भरा, दंडाच्या पृष्ठभागाला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, आणि पुट्टी मऊ असतानाच दंड जागेवर योग्य कोनात दाबा. कडेला बाहेर आलेली पुट्टी ओल्या ब्रशने सारखी करा, अर्धवट घट्ट झाल्यावर दंड सरळ ओढून काढा आणि खांदा रात्रभर तसाच ठेवा. दंडाचा नेमका ठसा खांद्यावर उठलेला असेल आणि तिरपेपणामुळे पडलेली फटही त्यातच भरून निघालेली असेल. दोन्ही भाग साबणाने धुऊन व्हॅसलिन पूर्ण काढल्यावर तारेची भोके पाडा आणि इपॉक्सीने जोडा.